बुधवारची विनंती

२ ऑगस्ट १९९८, रविवार

पाळकसाहेबांचा उपदेश आज बावन्न मिनिटं चालला. मी मुद्दाम घड्याळ बघत नव्हते, पण ते समोरच्याच भिंतीवर आहे त्याला मी काय करू? विषय होता नम्रता. अठ्ठेचाळीस मिनिटं स्वतःबद्दल बोलून उरलेल्या चार मिनिटांत नम्रता उरकली. चौतीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या, त्यामुळे ही खोड लागली आहे. प्रभू क्षमा करो.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणून प्रभुभोजन होतं. हे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, त्यामुळे भाकरीची थाळी ह्यांनीच फिरवली. आमच्या रांगेशी आले की थाळी पुढे करताना हे एकदा माझ्याकडे बघतात, लग्नापासूनची सवय आहे. आज बघितलं नाही. मग पेटीवर जाऊन बसले आणि शेवटचं गीत असं वाजवलं की मागच्या बाकावरच्या मार्थाबाई उजागरे पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "विजयाताई, भाऊंच्या बोटांत आज आत्मा उतरला होता."

वारज्याची बस पाऊण तासानं आली. चर्च शहरात आणि आम्ही इथे, गावाच्या टोकाला. फ्लॅट घेतला तेव्हा सगळे म्हणाले, रविवारी जीव मेटाकुटीला येईल. पण तीन खोल्या हव्या होत्या. करुणाचं लग्न होईल, जावई येतील, बाळंतपण होईल. आमची एकुलती एक. येत्या नोव्हेंबरात तिला जाऊन दोन वर्षं होतील. तिसऱ्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे.

बसमध्ये हे खिडकीतून बघत होते. "काय झालं?" म्हटलं तर म्हणाले, "काही नाही. ऊन आहे."

५ ऑगस्ट, बुधवार

भगिनी सभा मार्थाबाईंकडे होती. दर बुधवारी दुपारी एकेकीच्या घरी जमायचं, गीत, वचन, आणि मग विनंत्या. प्रत्येकीनं आपली विनंती सांगायची, मार्थाबाई वहीत लिहून घेतात, मग सगळ्या मिळून प्रार्थना करतात. देवानं ऐकलं की त्या विनंतीपुढे लाल खूण होते. ह्या सभेला जो हसेल त्यानं करुणाच्या वेळी ह्या बायकांना बघायला हवं होतं. डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग म्हणून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी ह्या बायकांनी साखळी प्रार्थना सुरू केली. एकवीस दिवस, चोवीस तास, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या. मार्थाबाई अकरा रात्री दवाखान्यात माझ्याशेजारी फरशीवर झोपल्या. सख्खी बहीण करणार नाही.

आज कुणाच्या भाच्याची नोकरी, कुणाचे गुडघे. माझ्याकडे विनंती नव्हती. मी म्हटलं, "आभार माना, एवढंच."

११ ऑगस्ट, मंगळवार

सोजरबाईंचा पाय अजून बरा होत नाही. आमची इमारत ज्यांच्या शेतात उभी राहिली त्या घरची ही म्हातारी. जमीन विकून पैसा आला, मुलगा संपतनं जीप घेतली, पण म्हातारी मागच्या कौलारू घरातून हलायला तयार नाही. साखरेमुळे पायाला जखम झाली आहे. आमचे हे पस्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखम दिसली की ह्यांच्यानं राहवत नाही. रोज सकाळी साडेसातला औषधांचा डबा घेऊन निघतात आणि पाय धुऊन पट्टी बांधून येतात.

माझी तक्रार पट्टीबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. साडेसात म्हणजे आमची वचन वाचायची वेळ. छत्तीस वर्षांत चुकली नव्हती. आता मी एकटीच वाचते, मोठ्यानं, रिकाम्या खुर्चीसमोर. आज बोलले, "देवाच्या वेळेतच जायला हवं का?" तर म्हणाले, "नंतर तिच्या घरी माणसांची ये-जा सुरू होते. तिला लाज वाटते पाय दाखवायला."

दुपारी सोजरबाई भिंतीशी भेटल्या. "बाई, भाऊंचा हात लई हलका हाय. माज्या पोराला वास येतो म्हनून त्यो आत येत न्हाई, आन् ह्ये मांडीवर घेत्यात पाय."

मी म्हटलं, प्रभूची कृपा. त्या म्हणाल्या, "आसंल. पन येत्यात भाऊच."

२३ ऑगस्ट, रविवार

आज अक्षर वाईट येईल.

चर्चमधून आल्यावर जेवलो. मी भांडी घासत होते. हे ओट्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "विजया, मला प्रार्थना करता येत नाही."

मला वाटलं, कंबर. गुडघे टेकायला त्रास होत असेल. म्हटलं, खुर्चीत बसून करा, देव काय गुडघे मोजतो?

"तसं नाही. शब्द येतात सगळे. पण टेलिफोन कानाला लावावा आणि लाइनच नसावी, तसं आहे. करुणा गेल्यापासून. पहिल्यांदा वाटलं जाईल. आता दोन वर्षं होत आली. थाळी फिरवतो आणि लोकांना फसवतोय असं वाटतं. तुझ्यापुढे आलो की फार वाटतं."

नळ चालूच राहिला होता. मी तो बंद केला. छत्तीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी गुडघे टेकले, तो दोन वर्षं नुसताच टेकून होता. मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तुझा आधार मोडेल म्हणून."

मग सगळं नीट ठरवलेलं सांगितलं. डिसेंबरात वडीलपदाची मुदत संपते. तेव्हा वयाचं कारण सांगून बाजूला व्हायचं. कुणाला कळायला नको. "पेटी तेवढी राहू दे. पेटीवर असलो की मला काही म्हणावं लागत नाही, आणि मी तुमच्यातच बसलेला असतो. ती गेली तर माझ्याकडे काहीच राहणार नाही. कुणाला सांगू नकोस, विजया. पाळकांना नाही, मार्थाबाईंना तर नाहीच."

मी पवित्र शास्त्र आणायला निघाले, त्यावर हात ठेवून वचन द्यावं म्हणून. म्हणाले, "शपथ नको. नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं.

२५ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

करुणा प्रभूजवळ आहे. ह्याबद्दल मला तिळभरही शंका नाही, नाहीतर ह्या दोन वर्षांत मी सकाळी उठूच शकले नसते. मी मेले की तिच्याकडे जाणार. आणि हे? विश्वास नसलेल्या माणसाचं काय होतं ते मी लहान मुलांना रविवारच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आहे. मुलं घाबरायची, तेव्हा मी म्हणायचे, आपल्या घरात तसं कुणी नाही ना, मग झालं तर. करुणा मला विचारील, बाबा कुठे आहेत? मी काय सांगू?

हे स्वयंपाकघरात दुधी चिरत आहेत. किती सारख्या फोडी करतात. ह्या माणसाला मी कायमचं गमवायचं, आणि गप्प बसायचं?

२ सप्टेंबर, बुधवार

आज सभा आमच्याकडे होती. धन्य दिवस! किती दिवसांनी मन हलकं झालं आहे.

हे संपतबरोबर सोजरबाईंच्या गोळ्या आणायला गेले होते. अकरा जणी आल्या. विनंत्यांची पाळी माझ्यावर आली आणि मी ठरवलं होतं की फक्त एवढंच म्हणायचं, एका विश्वासू माणसाची श्रद्धा डळमळली आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा. तेवढंच म्हटलं. पण आवाज फुटला. मार्थाबाई उठून जवळ आल्या, माझा हात धरला. म्हणाल्या, "विजयाताई, कोण ते सांगा. नाव घेतल्याशिवाय प्रार्थना नेमकी पोचत नाही. करुणासाठीही आपण नाव घेऊनच मागितलं होतं ना?"

करुणाचं नाव निघालं आणि माझा धीर सुटला. मी सांगितलं. सगळं सांगितलं, टेलिफोनचंसुद्धा.

मग सगळ्या मिळून रडल्या. माझ्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून अर्धा तास प्रार्थना केली. दोन वर्षांत मला इतक्या जणींनी हात लावला नव्हता. मी त्यांना बजावून सांगितलं, हे ह्या खोलीबाहेर जाता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी शब्द मोडला असं मला वाटत नाही. मी माणसांना सांगितलं नाही, देवाला सांगितलं. माणसं फक्त ऐकत होती.

६ सप्टेंबर, रविवार

काय लिहू.

आम्ही चर्चच्या दारात चपला काढतो आहोत, तोच दुसरे एक वडील पुढे झाले आणि ह्यांना म्हणाले, "शांतवनभाऊ, आज थाळी मी घेतो. तुम्ही विश्रांती घ्या." फार प्रेमानं म्हणाले. ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. महिनाभरानं बघितलं, आणि मी नेमकी चपलेकडे बघत होते.

हे पेटीवर जाऊन बसले. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी आजाऱ्यांची नावं घेतली, मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आमच्यातला एक बंधू, ज्याच्या घरावर दुःख आलं आणि ज्याच्या अंतःकरणात अंधार शिरला, आज तो आमच्यामध्ये बसलेला असताना..." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. दोनशे माणसांनी डोळे मिटले होते आणि त्यातली निम्मी पापण्यांच्या फटीतून पेटीकडे बघत होती. मी बघितलं, कारण मीही डोळे मिटले नव्हते.

पुढचं गीत ह्यांनी वाजवलं. पाचही कडवी, एक सूर इकडचा तिकडे नाही. मग भाता मिटून पट्टा लावला, पेटीवर कापड घातलं आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. आशीर्वाद व्हायचा होता. मी आशीर्वादासाठी थांबले. का थांबले? छत्तीस वर्षांची सवय. बाहेर आले तेव्हा हे बसथांब्यावर उभे होते, माझी छत्री हातात घेऊन.

बस डेक्कनपर्यंत आल्यावर म्हणाले, "किती जणी होत्या?"

मी म्हटलं, "अकरा."

त्यांनी मान हलवली. घरी येऊन चहा केला, माझ्या कपात साखर कमी घातली, जशी मला लागते तशी.

९ सप्टेंबर, बुधवार

पाळकसाहेब आणि मार्थाबाई घरी आले. ह्यांनी खुर्च्या पुढे केल्या. पाळकसाहेबांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, हे मान खाली घालून बसले. प्रार्थना झाल्यावर म्हणाले, "आपण चहा घ्याल ना?"

पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, मन मोकळं करा. आम्ही परके नाही."

हे म्हणाले, "करुणासाठी एकवीस दिवस साखळी झाली. त्यात माझी एकही पाळी चुकली नाही. ती गेल्यावर दफनविधीला आपण म्हणालात, कुठंतरी आपला विश्वास कमी पडला. कुणाचा कमी पडला ते मी त्या दिवसापासून शोधत होतो. दुसऱ्या कुणाचा सापडेना. शेवटी माझाच सापडला."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी असं म्हणालो होतो?"

"हो. बोलण्याच्या भरात निघालं असेल. आपल्याला त्या दिवशी तीन अंत्यविधी होते."

ह्यांनी हे इतक्या सौम्यपणे म्हटलं की मला ओरडावंसं वाटलं. मार्थाबाई जिन्यात रडत होत्या. "मी फक्त आमच्या ह्यांना सांगितलं हो, विजयाताई, जास्त प्रार्थना व्हावी म्हणून." माझा राग त्यांच्यावर निघेना. मीही त्याचसाठी सांगितलं होतं.

४ ऑक्टोबर, रविवार

हे चर्चला येत नाहीत. मला बसथांब्यापर्यंत सोडतात आणि परतीच्या वेळी घ्यायला उभे असतात. उपदेश किती मिनिटं झाला विचारतात. मी सांगते. पेटीच्या जागी आता कुणाच्या तरी मुलीचा इलेक्ट्रिक कीबोर्ड आहे, त्यात ढोलकही वाजतो.

आमच्यात भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, मला येतं भांडता. हे भाजीबद्दल बोलतात, पाण्याच्या टँकरबद्दल बोलतात, अहो म्हटलं की ओ देतात. पण पूर्वी झोपण्याआधी दिवसभरातलं काहीतरी सांगायचे, अगदी फालतू, अमक्याचा कुत्रा असं करत होता. ते बंद झालं. मी विचारलं, "माझ्यावर रागावलात?" म्हणाले, "नाही गं. तू घाबरली होतीस."

मी क्षमा मागितली. त्यांनी लगेच केली. त्यानं काहीच का बदललं नाही, हे मला कळत नाही. क्षमा झाली की सगळं पहिल्यासारखं व्हायला हवं ना?

८ नोव्हेंबर, रविवार

आज करुणाचा दिवस. कबरस्थानात दोघं गेलो. मी प्रार्थना केली, ह्यांनी गवत उपटलं. उपटताना मध्येच खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं, शेवटी रडले बिचारे. मी मुद्दाम बाजूला गेले, त्यांना एकटं सोडलं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना भलतीच टापटीप सुचली आहे. पेन्शनची कागदपत्रं एका फायलीत, गॅसचं पुस्तक, विजेचं बिल कुठे भरायचं, सगळं मला दाखवतात. म्हटलं, मी काय शाळेत चालले आहे? आता सकाळी मलाही सोजरबाईंकडे नेतात. जखम कशी धुवायची, औषध किती, पट्टी किती घट्ट. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावला. सोजरबाई म्हणाल्या, "बाई, तोंड फिरवा खुशाल. मला सवय हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तोंड फिरवलं नाही.

माझा हात कडक आहे म्हणतात. जिना चढताना हे दोनदा थांबतात, पिशवी संपतकडे देतात. बसून बसून आळशी झालेत. मी म्हटलं, चर्चला आलात तर तेवढंच चालणं होईल. हसले.

६ डिसेंबर, रविवार

चर्चमधून आज लवकर परतले, हे घरात नव्हते. संपतनं जीप दाराशी आणली आणि मला बघून चपापला. "काकू, काका न्हाईत व्हय? डाक्टरनं आज टायम दिल्याला."

"कुठल्या डॉक्टरनं?"

तो जीपकडे वळला. मी वर्गातल्या पोराला धरावं तसं त्याला धरलं. मग सगळं बाहेर आलं. ऑक्टोबरपासून हा ह्यांना जीपमधून दवाखान्यात नेतो आहे. हृदय. दोन झटके येऊन गेले, एक तर त्याच्याच घराच्या ओट्यावर. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, पण मूत्रपिंडंही नीट नाहीत, टेबलावरच जातील असं दुसरे म्हणाले. "काकांनी आयची शपत घातलीया, काकूला सांगायचं न्हाई म्हून. म्या काय करू?"

हे आले. मी दारातच विचारलं, "संपतला सांगितलंत, आणि मला नाही?"

पायऱ्या चढून दम लागला होता. दम खाऊन म्हणाले, "तू बुधवारी सांगितलं असतंस."

त्यात राग नव्हता. दूधवाला आज येणार नाही, असं सांगतात तसं सांगितलं. मी आत जाऊन इस्त्रीच्या टेबलाशी बसले. दोन महिने माझ्या घरातला माणूस मरणाला घेऊन एकटा हिंडत होता, कारण मी प्रार्थना करीन ही त्याला भीती होती.

९ डिसेंबर, बुधवार

सभा. गेले नसते तर सगळ्या विचारत घरी आल्या असत्या. माझी पाळी आली. मार्थाबाई पेन घेऊन थांबल्या. "विजयाताई? भाऊंसाठी काही?"

ह्या बायका एका शब्दासरशी माझ्याभोवती जमल्या असत्या. मला ते हवं होतं, फार हवं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळं ठीक आहे."

आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेच्या खोलीत खोटं बोलले. घरी आले. ह्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१७ डिसेंबर, गुरुवार

आता दवाखान्यात मी जाते बरोबर. मी मनात प्रार्थना करते, ओठ न हलवता, त्यांना दिसू नये म्हणून. आयुष्यभर पोरांना "मोठ्यानं म्हणा" सांगणारी मी. देवाला ऐकू जातं की नाही कोण जाणे.

काल दिवे मालवल्यावर हे एकदम म्हणाले, "संपतच्या कोंबड्यानं आज टँकरवाल्याचा पाठलाग केला." मी हसले, आणि मग उशीत तोंड घालून खूप रडले.

२५ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ. चर्चला गेले नाही, लग्नानंतर पहिल्यांदा. करंज्या केल्या, सोजरबाईंकडे दिल्या, साखर आहे म्हणून त्यांना एकच. "येक काय न् दोन काय," म्हणत त्यांनी तीन खाल्ल्या आणि ह्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तिथून घरापर्यंत शंभर पावलं, अर्धा तास लागला. माझा हात धरला होता.

४ जानेवारी १९९९, सोमवार

मंगळवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी दहाला हे गेले. दवाखान्यात. खोलीत मी एकटीच होते. जाण्याआधी थोडा वेळ शुद्ध होती आणि बोलले.

दफन करुणाच्या शेजारी झालं. पाळकसाहेब चारच मिनिटं बोलले, आणि विश्वासाचा शब्द काढला नाही. मला त्यांची माया वाटली.

मार्थाबाई तीन दिवस माझ्याकडे झोपायला होत्या. आज हळूच म्हणाल्या, "येत्या रविवारी स्मरणसभा आहे. तुम्ही साक्ष द्या. सगळी मंडळी काळजीत आहे हो, भाऊंचा शेवट कसा झाला म्हणून. शेवटी प्रभूचं नाव घेतलं असेल ना? तुम्ही एकट्याच होता जवळ. सांगा, म्हणजे सगळ्यांच्या जिवात जीव येईल."

सगळ्यांच्या आधी माझ्याच जिवात येईल. तेव्हापासून मी मनात ते वाक्य तयार करते आहे. "शेवटच्या क्षणी त्यांनी हात जोडले." एवढंच म्हटलं तरी पुरे. ह्यांना विचारायला कुणी जाणार नाही. मंडळी त्यांना परत आपला म्हणेल, करुणा, हे आणि मी पुन्हा एका ठिकाणी येऊ, निदान लोकांच्या तोंडी तरी. आणि हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसेल, मी मला ओळखते.

सकाळी सोजरबाईंच्या पायाची पट्टी बदलली. पट्टी झाल्यावर त्या माझा हात धरून बसल्या.

१० जानेवारी, रविवार

चर्च भरलं होतं. ज्यांनी पापण्यांच्या फटीतून बघितलं ते सगळे आले होते, आणि खरोखर रडत होते. माझं नाव पुकारलं. पुढे गेले. हातात कागद होता, त्यावर ते वाक्य लिहून नेलं होतं.

ह्यांची नोकरी सांगितली, पेटी सांगितली, सोजरबाईंचा पाय सांगितला. मग थांबले. कागदाकडे बघितलं. सगळं चर्च वाट बघत होतं. पहिल्या बाकावरून मार्थाबाई ओलं तोंड वर करून, अगदी मायेनं म्हणाल्या, "आणि शेवटी, विजयाताई? शेवटी काय म्हणाले भाऊ?"

मी म्हटलं, "ते माझ्याशी बोलले."

"काय बोलले?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"माझ्याशी बोलले," मी म्हटलं. "मंडळीशी नाही."

आणि जागेवर येऊन बसले. कुणाला काय वाटलं ते मी बघितलं नाही. कुजबुज झाली असेल. बंधूचा आत्मा तरला की नाही ह्यावर आता वर्षभर चर्चा होईल, होऊ दे. ते कुठे आहेत हे मलाच माहीत नाही. पूर्वी मला अशा गोष्टी पक्क्या माहीत असायच्या.

बसनं एकटी आले. थांब्यावर कुणी नव्हतं.

घरी येऊन ही वही उघडली. ते काय म्हणाले ते अजून शब्दन्‌शब्द कानात आहे. मी एकसष्ट वर्षांची आहे, विसरायला लागले आहे, परवा गॅसचा नंबर आठवेना. लिहून ठेवलं नाही तर एक दिवस तेही जाईल आणि माझ्याकडे काही उरणार नाही. पण वही कधीतरी कुणाच्या हातात पडेलच.

त्यांनी ते मला सांगितलं होतं. लिहीत नाही.